उसनवारी, उशीर आणि आवाज : नाझिया हसन यांच्या ‘डिस्को दीवाने’चे तौलनिक वाचन

१

तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ ही संकल्पना जितकी वापरली गेली, तितकीच ती संशयास्पदही ठरली आहे. प्रभाव म्हटला की देणारा आणि घेणारा अशा दोन बाजू आपोआप उभ्या राहतात. देणारा आधीचा आणि मूळचा ठरतो, तर घेणारा नंतरचा आणि अनुकरणशील. मराठी समीक्षेला हा पेच नवा नाही. केशवसुतांनी युरोपीय चौदा ओळींचा रचनाबंध मराठीत आणला, माधव जूलियन यांनी फारसी-उर्दूतून गझल आणली. सुरुवातीच्या कुरबुरीनंतर या दोन्ही प्रकारांना आपण ‘रुजलेले’ म्हणून मान्यता दिली. रुजणे म्हणजे नेमके काय, याची चर्चाही पुष्कळ झाली. मात्र हीच उदारता लोकप्रिय गीताच्या वाट्याला आली नाही. तेथे उसनवारी ही उसनवारीच राहते आणि तिला ‘नक्कल’ हे एकच नाव मिळते.

प्रस्तुत लेखात या दुटप्पीपणाची तपासणी एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारे करावयाची आहे. नाझिया हसन (१९६५–२०००) या पाकिस्तानी गायिकेचा ‘डिस्को दीवाने’ हा पहिला अल्बम १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचे बंधू झोहेब हसन सहगायक होते आणि संगीताची सूत्रे लंडनस्थित भारतीय संगीतकार बिद्दू यांच्याकडे होती. कराचीत जन्मलेली आणि कराची-लंडन अशा दोन शहरांत वाढलेली गायिका, बंगळूरहून इंग्लंडला गेलेला संगीतकार, हिंदी-उर्दूतील शब्द, लंडनमधील ध्वनिमुद्रण आणि भारतात एच.एम.व्ही.ची नाममुद्रा अशी ही सामग्री आहे. कोणत्याही एका राष्ट्राच्या किंवा एका भाषेच्या वाङ्मयेतिहासात ती बसत नाही, म्हणूनच तौलनिक अभ्यासाला ती जवळची वाटावयास हवी.

२

प्रथम ‘उशिरा’चा मुद्दा घेऊ. डिस्कोचा उदय १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील नृत्यगृहांत झाला. डेव्हिड मँकूसो यांच्या ‘द लॉफ्ट’मधील मेळावे १९७० मध्ये सुरू झाले. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि समलिंगी समाजातील लोक हा या नृत्यगृहांचा आधार होता. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ (१९७७) या चित्रपटाने डिस्कोला जगभर पोहोचवले आणि तिचा सामाजिक उगम बराचसा पुसलाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर हजारो प्रेक्षकांसमोर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. अमेरिकी संगीतेतिहासात ही तारीख डिस्कोच्या मृत्यूची तारीख म्हणून रूढ झाली आहे. ‘कुर्बानी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला १९८० मध्ये, ‘डिस्को दीवाने’ आला १९८१ मध्ये आणि ‘डिस्को डान्सर’ १९८२ मध्ये. म्हणजे अमेरिकी पंचांग मानले, तर दक्षिण आशियातील डिस्को मूळ व्यक्तीच्या तेराव्यानंतर सुरू होते.

परंतु हे पंचांग मानावेच का? शिकागोच्या त्या रात्री जे जाळले गेले, त्यात संगीताविषयीच्या कंटाळ्याइतकाच कृष्णवर्णीय आणि समलिंगी समाजाविषयीचा आकसही होता, असे अनेक अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे. डिस्को मेली नाही, ती नृत्यगृहांत परतली आणि त्याच शिकागोत १९८० च्या दशकात ‘हाउस’ या संगीतप्रकाराच्या रूपाने पुन्हा उभी राहिली. तेव्हा मृत्यूची ही तारीखही एका विशिष्ट श्रोतृवर्गाने ठरवलेली आहे. केंद्राच्या कालगणनेने परिघावरील कृतीचे वय मोजले की ती नेहमीच उशिरा जन्मलेली दिसणार. रचनाबंध ज्या समाजात पोहोचतो, त्या समाजात त्या क्षणी कोणती गरज अपुरी होती, हा प्रश्न उशिराच्या हिशेबात येतच नाही.

३

प्रभावाच्या दिशेचा प्रश्नही दिसतो तितका सरळ नाही. पाश्चात्त्य डिस्को येथे आली आणि आपण ती उचलली, हे सूत्र बिद्दू यांच्या कारकिर्दीपाशी येऊन अडखळते. बंगळूरमध्ये वाढलेले, पाश्चात्त्य वाद्यवृंदांतून उमेदवारी केलेले बिद्दू १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. कार्ल डग्लस यांनी गायलेले आणि बिद्दू यांनी निर्मिलेले ‘कुंग फू फायटिंग’ १९७४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या लोकप्रियता-यादीत पहिल्या स्थानावर पोहोचले. डिस्कोला जगव्यापी बाजारपेठ मिळवून देणाऱ्या आरंभीच्या गीतांत त्याची गणना होते. टीना चार्ल्स यांच्या ‘आय लव्ह टू लव्ह’ या गीताने १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये तेच स्थान मिळवले. त्याचे निर्मातेही बिद्दूच.

याचा अर्थ असा की ब्रिटिश डिस्कोच्या घडणीतच एक भारतीय हात होता. १९८० मध्ये ही शैली मुंबईच्या चित्रपटात आली तेव्हा ती ‘परकीय’ म्हणून आली खरी, पण जो तिला घेऊन आला तो तिच्या कारागिरांपैकी एक होता. अनुकरण करणारा आणि अनुकरणाचा विषय यांच्यात जे अंतर गृहीत धरले जाते, ते येथे उरत नाही. ‘भारतीयांनीच डिस्को शोधली’ असा उलटा अभिमान यातून काढावयाचा नाही. तोही प्रभावाच्या त्याच हिशेबवहीत केवळ जमा-खर्चाची बाजू बदलतो. मुद्दा इतकाच की या व्यवहारात सावकार आणि ऋणको वेगळे काढता येत नाहीत.

४

नाझिया हसन यांचा आवाज उपखंडाने प्रथम ऐकला तो ‘कुर्बानी’मधील ‘आप जैसा कोई’ या गीतात. चित्रपटाचे इतर संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते. हे एक गीत तेवढे बिद्दू यांनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले. या गीतासाठी वयाच्या पंधराव्या वर्षी नाझिया यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

या यशाचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर तत्कालीन श्रोत्याचे, याउस यांच्या परिभाषेत, ‘अपेक्षाक्षितिज’ ध्यानी घ्यावे लागते. हिंदी चित्रपटातील नायिकेचा आवाज म्हणजे काय, हे तीन दशके प्रामुख्याने लता मंगेशकर आणि आशा भोसले या भगिनींनी ठरवले होते. १९८० मध्ये लताबाईंचे वय पन्नाशीला पोहोचलेले होते, आशाबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि त्या विशीतल्या नायिकांसाठी गात होत्या. प्रौढ, संस्कारित, पूर्ण कमावलेला स्वर तरुण देहाला उसना देणे हा पार्श्वगायनाचा संकेत होता आणि श्रोत्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हते. ‘आप जैसा कोई’ने हा संकेत नेमका उलटा केला. येथे एका किशोरवयीन मुलीचा स्वर अठ्ठावीस वर्षांच्या झीनत अमान यांच्या पडद्यावरील देहाला दिला गेला. हा स्वर मींड आणि मुरकी टाळतो, किंचित अनुनासिक आहे, आणि ध्वनिमुद्रणात त्याचे पदर एकमेकांवर बसवल्यामुळे तो एकाच वेळी जवळचा आणि यांत्रिक वाटतो. रोलाँ बार्थ यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात ज्याला आवाजाचा ‘पोत’ म्हटले, म्हणजे गाण्यातून जाणवणारे देहाचे अस्तित्व, ते येथे पडद्यावरील देहाशी जुळत नाही. त्या न जुळण्यातच गीताचे नावीन्य होते, असे माझे मत आहे.

मात्र या नावीन्याची एक अस्वस्थ करणारी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नृत्यगृहाच्या दृश्यात प्रौढ स्त्रीदेहाचे जे प्रदर्शन घडते, त्याला एका बालिकेचा स्वर जोडलेला आहे. पार्श्वगायनाच्या व्यवस्थेत गायिकेचा स्वर तिच्या मालकीचा राहत नाही, तो कोणत्या प्रतिमेला जोडला जावा हे ती ठरवत नाही. ‘डिस्को दीवाने’चे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. हा स्वर कोणत्याही अभिनेत्रीला उसना न जाता स्वतःच्या नावाने प्रथम उभा राहिला तो या अल्बममध्ये.

५

‘चित्रपटबाह्य गीताचा आरंभ’ असे ‘डिस्को दीवाने’चे वर्णन अनेकदा केले जाते. मराठी वाचकाला ते लगेच खटकेल. भावगीत हा चित्रपटबाह्य गीतप्रकार मराठीत १९३० च्या दशकापासून ध्वनिमुद्रिकांवर नांदत होता. ‘गीतरामायणा’ने १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घराघरांत प्रवेश केला होता. उर्दू गझल, भजन, रवींद्रसंगीत यांचीही चित्रपटाबाहेर स्वतंत्र परंपरा होती. तेव्हा चित्रपटबाह्यता ही या अल्बमची नवलाई नव्हे.

नवलाई अन्यत्र आहे. भावगीत, गझल किंवा रवींद्रसंगीत यांना चित्रपटाचे पाठबळ नसले, तरी कवितेचे पाठबळ असते. ‘गीतरामायण’ हे आधी ग. दि. माडगूळकरांचे, मग सुधीर फडक्यांचे. गझल आधी शायराची, मग गायकाची. भजनामागे संतवचनाचे प्रामाण्य असते. ‘डिस्को दीवाने’तील गीतांना चित्रपटातील प्रसंगाचा आधार नाही आणि कवीच्या नावाचाही नाही. त्यांच्या शब्दांना कवितासंग्रहात जागा मिळणार नाही आणि ती मागण्याचा त्यांचा हेतूही नाही. गीताचे प्रामाण्य येथे ध्वनीकडेच सोपवलेले आहे : ठेका, बासगिटारचे वळण, संश्लेषकाचा नाद आणि त्यांच्यावर तरंगणारा तो विशिष्ट स्वर. संहिता म्हणजे शब्दसंहिता, या आपल्या गृहीतकाला येथे धक्का बसतो. केवळ शब्द वाचून या अल्बमला सामान्य ठरवणारी समीक्षा नाटकाची संहिता वाचून प्रयोगाविषयी निर्णय देते.

तरीही शब्दांकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. शीर्षकाचेच उदाहरण घेऊ. ‘डिस्को’ हे फ्रेंच ‘दिस्कोतेक’चे इंग्रजीत झालेले लघुरूप, ‘दीवाना’ हा फारसी शब्द. दोन्ही शब्द बाहेरचे. या शीर्षकात निखळ हिंदी-उर्दू म्हणावे असे काही असेल, तर ते अनेकवचनाचा ‘ए’ हा प्रत्यय. पण तो एक प्रत्यय अर्थदृष्ट्या निर्णायक आहे. फारसी-उर्दू काव्यपरंपरेतील दीवाना एकटा असतो. मजनूप्रमाणे तो वस्ती सोडून रानावनात जातो आणि त्याचे वेड हेच त्याला समाजापासून वेगळे करते. ‘दीवाने’ हे अनेकवचन त्या एकाकी वेड्याला नृत्यगृहातील गर्दीत आणून उभे करते. येथे वेड लोकांना जोडते. पाश्चात्त्य डिस्कोतील समूहभाव आणि गझलेतील उन्माद यांचा सांधा एका प्रत्ययावर बसवला गेला आहे. रुजणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी असे व्याकरणात सापडते.

याच गीताची इंग्रजी आवृत्ती १९८३ मध्ये ‘ड्रीमर दीवाने’ या नावाने निघाली. भाषांतराच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे हे नाव आहे. इंग्रजीत जाताना गळला तो ‘डिस्को’ हा शब्द आणि टिकला तो ‘दीवाने’. दक्षिण आशियात ज्या शब्दाला नव्याची झळाळी होती, तो शब्द लंडनच्या बाजारात तोवर जुना झाला होता, असा याचा अन्वयार्थ मला लावावासा वाटतो. फारसी वळणाचा शब्द मात्र तेथे नवा ठरला. शब्दाचे परकेपण हे शब्दात नसते, तो कोणत्या दिशेने प्रवास करतो यावर ते अवलंबून असते.

दुसरे निरीक्षण संबोधनाविषयीचे. हिंदी चित्रपटातील युगुलगीतात नायक-नायिका परस्परांना उद्देशून गातात. येथे गाणारे दोघे सख्खे भाऊ-बहीण आहेत आणि गीतांची भाषा प्रेमाची आहे. त्यामुळे युगुलगीताची परस्परसंबोधनाची चौकटच बंद होते. दोघांचेही ‘तू’ आणि ‘आप’ बाहेर वळतात, अनुपस्थित तिसऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे अखेर श्रोत्याकडे. चित्रपटगीताचा श्रोता दोघांचे बोलणे आडून ऐकतो, ‘डिस्को दीवाने’चा श्रोता थेट संबोधित होतो. खोलीत एकट्याने कॅसेट ऐकणारा किशोरवयीन श्रोता याच काळात घडत होता. उत्तर भारतातील कॅसेटच्या प्रसाराने श्रवणाची केंद्रे कशी विखुरली, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. त्या विखुरलेल्या श्रोत्याला लागणारे संबोधन या अल्बमने पुरवले.

अल्बमच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. दहा ध्वनिमुद्रणांपैकी सर्वच समान ताकदीची नाहीत. काही ठिकाणी वाद्यमेळ स्वरावर मात करतो आणि पुनरुक्ती ठेक्याची गरज म्हणून नव्हे, तर कल्पनेच्या अभावामुळे येते. उलट ‘लेकिन मेरा दिल’सारख्या संथ गीतात याच स्वराची एक वेगळी शक्यता दिसते. नृत्याचा आग्रह सुटला की त्याच्यातील उदासी वर येते. या गीताचे शीर्षक ‘लेकिन’ या विरोधवाचक अव्ययाने सुरू होते, हेही सूचक आहे. झगमगाटाच्या अल्बममध्ये ‘पण’ म्हणणारे एक गीत आहे आणि ते नसते तर अल्बम एकसुरी झाला असता.

६

रिचर्ड डायर यांनी १९७९ मध्ये ‘इन डिफेन्स ऑफ डिस्को’ या निबंधात डिस्कोची तीन वैशिष्ट्ये सांगितली : सर्वांगाला व्यापणारी कामभावना, स्वप्नाळू रोमँटिकता आणि भौतिकता. भांडवली बाजाराने निर्माण केलेली वस्तू बाजाराला अभिप्रेत नसलेल्या रीतीने वापरली जाऊ शकते, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. ही तीन वैशिष्ट्ये ‘डिस्को दीवाने’ला लावून पाहिली असता रोमँटिकता ठळकपणे आणि भौतिकता काही प्रमाणात आढळते. कामभावना मात्र जवळजवळ निवळलेली दिसते. गायिकेचे वय, भाऊ-बहिणीची जोडी आणि उर्दूतील ‘आप’ची अदब या तिन्हींचा तो परिणाम आहे. न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांतील उपेक्षितांची मुक्ततेची आकांक्षा या प्रवासात गळून पडली, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे साधन होते, त्या शहरी मध्यम आणि उच्चवर्गाचे हे संगीत होते. हा तोटा लहान नाही.

तथापि एका ठिकाणचे मुक्तीचे कारण गळाले म्हणून दुसऱ्या ठिकाणी दुसरे कारण निर्माण होत नाही असे नाही. जनरल झिया-उल-हक यांनी जुलै १९७७ मध्ये पाकिस्तानची सत्ता हाती घेतली होती आणि १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश काढले होते. स्त्रीच्या सार्वजनिक वावरावर शासन आणि धर्म यांच्या नावाने बंधने येत असताना कराचीतील एका मुलीचा, नृत्यासाठी बोलावणारा आवाज घराघरांत पोहोचला. या अल्बमला विद्रोहाचा जाहीरनामा म्हणणे अतिशयोक्ती होईल. तो लंडनमध्ये घडला आणि त्याच्या शब्दांत राजकारणाचा मागमूस नाही. पण कृतीचा अर्थ केवळ तिच्या हेतूत नसतो, ती ज्या शांततेत ऐकली जाते त्या शांततेतही असतो.

पुढील कारकीर्द याच संदर्भात पाहावी लागते. ‘स्टार’ (१९८२) या चित्रपटासाठीची गीते ‘बूम बूम’ या नावाने गाजली, चित्रपट मात्र चालला नाही. आवाज चित्रपटाशिवाय जगू शकतो, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले. ‘यंग तरंग’ (१९८४), ‘हॉटलाइन’ (१९८७) आणि ‘कॅमेरा कॅमेरा’ (१९९२) हे पुढील अल्बम. झिया यांचा ऑगस्ट १९८८ मध्ये मृत्यू झाला आणि डिसेंबरमध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. १९८९ मध्ये पाकिस्तानच्या सरकारी दूरचित्रवाणीवर शोएब मन्सूर यांनी निर्मिलेला ‘म्युझिक ८९’ हा कार्यक्रम झाला. त्याचे सूत्रसंचालन नाझिया आणि झोहेब यांनी केले आणि नव्या पिढीतील पॉप गायकांना राष्ट्रीय व्यासपीठ मिळाले. आठ वर्षांपूर्वी जो आवाज बाहेरून आला होता, तो आता यजमानाच्या जागी होता. नाझिया यांनी पुढे गायन थांबवले. त्यांनी लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले होते आणि संयुक्त राष्ट्रसंघातही काही काळ काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. बिद्दू यांनी अलिशा चिनॉय यांच्यासमवेत १९९५ मध्ये ‘मेड इन इंडिया’ केले, तेव्हा ‘इंडिपॉप’ हे नाव सर्वतोमुखी झाले. त्याची पायवाट चौदा वर्षे आधी पडलेली होती.

७

२०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या हिंदी चित्रपटात ‘डिस्को दीवाने’ नव्या वाद्यमेळात पुन्हा आले. नव्या गायकांच्या स्वरांबरोबर नाझिया यांचा मूळ स्वरही त्यात वापरला गेला. गायिकेच्या मृत्यूला बारा वर्षे झाली होती. जो आवाज एका अभिनेत्रीच्या देहापासून सुटून स्वतःच्या नावाने उभा राहिला होता, तो पुन्हा चित्रपटाने आपल्या प्रतिमांना जोडून घेतला. यात आदरांजली आहे आणि मालकीही आहे. नव्या श्रोत्याला ते गीत चित्रपटाचे वाटते आणि अल्बमचा इतिहास पुसला जातो. स्वीकाराच्या इतिहासात पुसले जाणे हीही एक नोंद असते. ती अभ्यासकाने करावयाची असते.

तेव्हा ‘डिस्को दीवाने’ ही नक्कल की स्वतंत्र कृती, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. प्रभावाची एकच दिशा मानली तर बिद्दू यांचे स्थान सांगता येत नाही. केंद्राचे पंचांग मानले तर १९८१ हे वर्ष उशिराचे दिसते आणि त्या वर्षाची गरज दिसत नाही. शब्दालाच संहिता मानले तर अल्बमचा मुख्य अर्थ निसटतो, आणि शब्द पूर्ण सोडून दिला तर त्या एका ‘ए’ प्रत्ययाने केलेले काम निसटते. तौलनिक अभ्यासाने आपली साधने अभिजात ग्रंथांवर घासून धारदार केली आहेत. ती एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या गाण्यावर चालतात की नाही, यावर त्या साधनांचीच परीक्षा होते. केशवसुतांच्या चौदा ओळींना आणि माधव जूलियन यांच्या गझलेला आपण जो न्याय दिला, तो या आवाजाला नाकारण्यासाठी अभिरुचीच्या सवयीपलीकडचे कारण आपल्याला देता आले पाहिजे. मला ते सापडलेले नाही.